खाचेवर पंचवीस सेंटिमीटर

इंजिनघर म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. तलावाचं पाणी मागे सरकत गेलं तसं आम्ही ते दोनदा खाली हलवलं होतं. त्या सकाळी त्यात होतं ते असं: लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं, जुन्या ट्रकचं सहा सिलिंडरचं एक इंजिन. त्याला जोडलेला एक पंप. दोन टर्बो, एक इंजिनावर, मुठीएवढा, काजळीनं माखलेला, आणि दुसरा पोत्यावर, नारळाएवढा, बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या भंगारातून आणलेला. डिझेलचे तीन कॅन, त्यांतला एक भरलेला. इंजिनाच्या एका बाजूच्या कानावर, म्हणजे बाहेर आलेल्या लोखंडी उंचवट्यावर, शेंदराचा बोटभर जाड थर. आणि बाहेर, इंजिन गार करून येणाऱ्या कोमट पाण्याच्या तोटीखाली, रांगेत अकरा हंडे आणि एक बादली. इंजिन बंद होतं तरी बायकांनी नंबर लावून ठेवले होते.

हे सगळं आमच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचं. गाव शिरूर कासारच्या बाजूचं, साल दोन हजार अठरा, महिना ऑक्टोबर. माझे वडील, त्रिंबक, संस्थेचे इंजिनचालक. त्यांना मी दादा म्हणते. मी अंबाजोगाईहून बी.एस्सी. करून जूनमध्ये घरी आले होते.

तलाव भरलेला असताना पाणी अठ्ठेचाळीस मीटर वर चढवावं लागे. आता सत्तावन्न. भार वाढला की इंजिनाचा वेग उतरायचा. दादांनी डिझेल वाढवून पाहिलं, तर नुसता काळा धूर निघाला. डिझेल होतं, ते जाळायला हवा पुरत नव्हती. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जास्त हवा कोंबतो. मोठा टर्बो, जास्त हवा, म्हणून संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांनी भंगारातून तो आणला होता.

टेकडीवर पाणी जिथं पडतं त्या हौदाच्या तोंडाशी मी पत्र्याची व्ही आकाराची खाच बसवली होती. खाचेतून किती उंचीचं पाणी वाहतं ते पट्टीनं मोजलं की सेकंदाला किती लिटर येतं ते काढता येतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खाचेवर बावीस सेंटिमीटर होते. त्या पाण्यातलं पुष्कळसं कोरड्या चारीतच, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या पाटातच, मुरायचं, आणि अर्ध्या वाटेवरच्या पुलाच्या पुढं ओल जायची नाही. कुठं किती मुरतं ते मी चार ठिकाणी मोजलं होतं. चारीच्या शेवटापर्यंत पाणी जायला खाचेवर पंचवीस सेंटिमीटर लागत होते. आमचं शेत चारीच्या शेवटाला.

पंचवीस झाले तर ज्वारी आणि जनावरांचा मका येणार आणि आम्ही गावात राहणार. नाही झाले तर दादा बंकट मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जाणार. पण तोडीला एकटा माणूस कुणी घेत नाही. एक कोयता म्हणजे दोन माणसं: एक तोडणार, दुसरं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. दुसरं माणूस म्हणजे माझी आई, कौशल्याबाई. तिचं पोटाचं ऑपरेशन झाल्याला वर्ष होत आलं होतं आणि डॉक्टरांनी तिला भरलेला हंडासुद्धा उचलू नको म्हणून सांगितलं होतं.

"आईच्या जागी मी जाते," असं मी एकदा म्हणाले होते.

"तुला शिकवलं ते मोळ्या वाहायला न्हाई," आई म्हणाली.

"मग तू तरी कावून जायचं?"

"मला सवय हाय."



टर्बो बसवायला बीडहून सटवा मिस्त्री आला. मोठा, घामट, अखंड बोलणारा माणूस. त्यानं इंजिनाभोवती एक चक्कर मारली आणि शेंदरापाशी थांबला.

"त्रिंबकराव, इंजिनाचा म्हसोबा करून ठिवलाव की तुमी!"

"खंडेनवमीला लावते ही दरसाल," दादा आईकडं बघत म्हणाले.

"लावा, लावा. पर हा कान मला कापावा लागतो. मोठ्या टर्बोचं पोट बरुबर हितंच अडतंय." त्यानं नवा टर्बो उचलून जागेवर धरून दाखवला. खरंच, दोन बोटांची अडचण होती. "आणि तेल परत जायचं भोक. ह्या टर्बोला तेल लई लागतं. जुनं भोक करंगळीएवढं हाय, तेवढ्यातनं ते खाली उतरायचं न्हाई. ब्लॉकला, ह्या इंजिनाच्या ओतीव धडाला, अंगठ्याएवढं नवं भोक पाडून आटे पाडायचे. हे दोनच कामं. सांजच्याला चहा पिऊन बीडला."

शेंदराला हात लावायच्या आधी तो थांबला आणि आईकडं बघू लागला. आईनं पुढं होऊन कानाला हात लावला, तो कपाळाला नेला, आणि म्हणाली, "काढा. देव खाली सांगाड्यावर बसंल."

सटवानं छिन्नीनं शेंदूर उडवला. एकावर एक थर, आत तेलकट काळे, मध्येच नारिंगी. त्याखाली इतर कुणाला काही दिसलं नाही. मला फक्त कानाच्या मुळाशी पांढरट, चुनखडीसारखी एक रेघ दिसली. इतरत्र ती नव्हती.

"मिस्त्रीकाका, कापायच्या आधी जरा रॉकेल लावून बघू या?"

"कशाला?"

"रॉकेल बारीक फटीत शिरतं. वरचं पुसून खडूची पूड लावायची. फट असली तर आतलं रॉकेल पुडीत उतरतं, रेघ उमटते."

"बघा बाई, प्रोफेसरीणबाई. चहाला अजून येळ हाय."

रॉकेल लावलं, पुसलं, खडू चोळला. मग आम्ही थांबलो. सटवानं विडी पेटवायला घेतली आणि रॉकेल आठवून परत खिशात घातली. थोड्या वेळानं पांढऱ्या पुडीत एक काळपट रेघ वर येऊ लागली. ती कानाच्या मुळापासून निघाली आणि वाकडी होत सिलिंडरांच्या बाजूला गेली. मी पट्टी लावली. अकरा सेंटिमीटर.

"आयला," सटवा हळूच म्हणाला. त्याच्या तोंडून त्या दिवसात एवढाच एक लहान शब्द निघाला. "ब्लॉक तडकलाय."

दादा खाली बसले. इंजिनात पाणी कमी होत होतं, ते पंपाकडून गळतंय असं त्यांना वाटत होतं. शेंदूर, तेल आणि खार यांनी फट बुजवून ठेवली होती.

निरोप गेला तसे अर्जुनराव आले. त्यांचं शेत चारीच्या तोंडाशी. बावीस सेंटिमीटरमध्येही त्यांचं भागत होतं. 

"त्रिंबक, ब्लॉक दुसरा मिळायचा न्हाई आता. मोठा टर्बो राहू दे. जुन्यावरच चालव, चालंल तवर."

"अण्णा, जुन्यावर चारीच्या टेलला पाणी येत न्हाई," दादा म्हणाले.

"ते मला कळतंय."

"तडा शिवता येतो," सटवा म्हणाला. "ओतीव लोखंडाला वेल्डिंग धरत न्हाई, धरलं तर बाजूला नवा तडा जातो. पर शिवता येतो. दोन दिस लागतील. लेकिन एक सांगतो, तडा का गेला ते कळलं न्हाई तर शिवून फायदा न्हाई. मोठा टर्बो म्हंजी ताप जास्त. परत तडा जाणार."

"जुनं झालंय, म्हणून गेला," अर्जुनराव म्हणाले.

मला थर्मामीटर आठवलं. आदल्याच आठवड्यात मी सहज म्हणून तोटीच्या पाण्यात कॉलेजचं थर्मामीटर धरलं होतं. पारा चाळीसवर, मग एकदम ऐंशीच्या वर, मग पुन्हा चाळीसवर. मला वाटलं होतं थर्मामीटर बिघडलं.

ते बिघडलं नव्हतं. पूर्वी पंपातलं थोडं पाणी इंजिनाच्या ब्लॉकमधून फिरून उघड्या पाइपानं बाहेर पडायचं आणि मातीत जायचं. मागच्या दुष्काळात बायकांनी तिथं हंडे लावले. एक हंडा भरून दुसरा लावेपर्यंत पाणी सांडतं, म्हणून पाइपाला तोटी बसवली. हंडा बदलताना तोटी बंद. दोन शब्द बोलणं झालं, कुणाची चुंबळ सरकली, तेवढा वेळ बंद. तेवढ्यात ब्लॉकमधलं पाणी उकळायला यायचं. मग तोटी उघडली की तलावाचं गार पाणी तापलेल्या लोखंडावर. दर हंड्याला एकदा. आणि ते गार पाणी ब्लॉकमध्ये शिरायचं ते बरोबर कानाच्या मागं.

मी सटवाला म्हणाले, "लोखंड तापून एकदम निवत असेल, पुन्हा पुन्हा, तर जाईल ना तडा?"

"जाईल की. तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यावानी. पर हितं कोण टाकतंय?"

मी आईकडं बघितलं. तोटी बसवा म्हणून दादांच्या मागं लागलेली आईच होती, आणि चेअरमन समोर उभे होते.

आई बाहेर हंड्यांपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग तोटीकडं. ती शाळेत चौथीपर्यंत गेली आहे, पण चुलीपुढं तिचं सगळं आयुष्य गेलंय. तापलेल्या भांड्याचं तिला सांगावं लागत नाही.

"ह्या तोटीनं झालं का, सत्यभामा?"

"तोटीनं झालं, आई."

बाहेर साखराबाई नावाची शेजारीण उभी होती. ती म्हणाली, "अगं पर पाणी काय नुसतं मातीत सोडून द्यायचं? ह्या असल्या सालात?"

"मातीत कावून? पाणी साठायला डोण ठिवू खाली. डोणीतनं भरू," आई म्हणाली.

"गार होऊन जाईल की मग."

"गार तर गार."

अर्जुनरावांनी मला विचारलं, "तोटी काढल्यावर वर पाणी कमी न्हाई का व्हायचं?"

"सेकंदाला पाऊण लिटर. खाचेवर दोन मिलिमीटर."

"आणि तुमाला पंचवीस पायजेत."

"हो."

आईनं दादांच्या पेटीतला पाना घेतला. "मी बसवायला लावली, मीच काढते," म्हणाली. तोटी घट्ट बसली होती. पोटाला हात लावून ती एकदा थांबली. दादा उठले, तिच्या हातावर हात ठेवून त्यांनी पाना दाबला, आणि तोटी फिरली.

मग दोन दिवस सटवा तडा शिवत होता. आधी त्यानं तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढं पळणार नाही. मग तड्यावरच एक भोक, त्याला आटे, त्यात ओतीव लोखंडाचा आटेवाला खिळा पिळून बसवायचा, वरचं कापायचं. पुढचं भोक असं पाडायचं की ते आधीच्या खिळ्याचा थोडा भाग खाईल. अशी सलग साखळी. शेवटी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सगळं एकजीव केलं. मी बॅटरी धरत होते आणि लोखंडाचा चुरा फुंकून काढत होते.

"प्रोफेसरीणबाई, फुंका, पर माझ्या डोळ्यात नको. मला अजून बायकोचं तोंड बघायचंय."

"भीतीनं बघता का हौसेनं?" दादांनी विचारलं. कित्येक दिवसांत ते पहिल्यांदाच असं काही बोलले होते.

मग कान कापला. तेलाचं नवं भोक पाडलं तेव्हा चुरा आत पडू नये म्हणून सटवानं ड्रिलला ग्रीस फासलं, आणि तरीही तेलाची टाकी उतरवून आतून पुसून काढली. टर्बो जागेवर बसला. ब्लॉकचं पोट पाण्यानं भरलं, बाकीची तोंडं बंद केली आणि शेतातला फवारणीचा पंप लावून दाब दिला. शिवणीवर मी कोरडा कागद धरला. अर्धा तास धरून ठेवला. कागद कोरडाच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंकट मुकादमाचा ट्रक मारुतीच्या पारापाशी येऊन लागला. माणसं चढत होती. भांडी, गोधड्या, शेळ्या, पोरं. बंकट स्वतः तलावापर्यंत चालत आला.

"त्रिंबक, जोडी धरू का सोडू? दुसरा कोयता वाट बघतोय."

"दुपारपर्यंत थांब."

"दुपारला मी गेवराईच्या पल्याड असतो. तासभर थांबतो."

दादांनी इंजिन सुरू केलं. आधी पांढरा धूर, मग निळसर, मग जवळजवळ काहीच नाही. भार दिला. टर्बोची बारीक शिट्टी सुरू झाली आणि इंजिनाचा वेग उतरला नाही. उघड्या पाइपातून कोमट पाणी अखंड डोणीत पडू लागलं. सटवानं शिवणीवर तळहात ठेवला, लगेच उचलला, पुन्हा ठेवला.

"जा वर," दादा मला म्हणाले.

मी आणि आई टेकडीवर निघालो. तिला चढ जपून चढावा लागतो, म्हणून मी हळू चालले. ती दोनदा म्हणाली, "तू जा पुढं." मी गेले नाही. वरपर्यंत ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. त्यात साखराबाईच्या घरची माणसंही बसली होती.

हौदात पाणी आलेलं होतं, गढूळ आणि फेसाळ. पाणी खळखळत असताना मापता येत नाही. मी पट्टी लावून थांबले. आई हौदाच्या कडेला बसली आणि पदरानं तोंड पुसत पाण्याकडं बघत राहिली. खाली बंकटनं पुन्हा हॉर्न दिला, लांबवर.

फेस कडेला गेला. खाचेतली धार काचेसारखी झाली. मी गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या पातळीशी नेला आणि आकडा वाचला. मग आईला पट्टी दाखवली आणि तिनंही वाचला.

पंचवीस सेंटिमीटर, तीन मिलिमीटर.