सात भागांचा गोफण्या

गोफण्याचा बाप पहिल्या सिनेमात मेला आणि तिसऱ्या सिनेमात ओट्यावर बसून बशीनं चहा पीत होता. बापाचं काम म्हाताऱ्या बंकटचं. तेवढ्या पांढऱ्याशुभ्र मिशा गावात दुसऱ्या कुणाला नव्हत्या, म्हणून सोमेश्वरनं त्यालाच पुन्हा बसवला. लोक ओळखणार नाहीत असं त्याला वाटलं होतं. मिशा त्याच, बशी तीच, आणि म्हणे लोक ओळखणार नाहीत. यूट्यूबवर खाली जे काय लिहिलं गेलं ते वाचून सोमेश्वर दोन दिवस शटर अर्धं ओढून दुकानात बसून राहिला.

दुकान फ्लेक्सचं, शिरूर कासारला. पुढाऱ्यांचे वाढदिवस, बारशी, श्रद्धांजल्या, सगळं एकाच मशीनवर निघायचं. उरल्या वेळात लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यावर त्यानं गोफण्याचे तीन सिनेमे काढले होते. गोफण्या म्हणजे आपल्या इकडचा सुपरहिरो. ज्वारीच्या रानात पाखरं हाकणारा गडी, गोफणीचा धोंडा कधी चुकत नाही, आणि संकट आलं की घराच्या माळवदावरून थेट खाली उडी. हे काम सोमेश्वरचा दाजी आश्रुबा करायचा. अंगानं काटक, उंच, आणि कॅमेरा समोर आला की आणखी दोन बोटं उंच व्हायचा. पण आश्रुबा आणि सोमेश्वरची थोरली बहीण अंजना दसरा झाला की ऊस तोडायला जायची, ती पाडव्याच्या सुमाराला परत यायची. म्हणून दुसऱ्या सिनेमात गोफण्या एकाएकी बुटका झाला. आश्रुबाच्या जागी तोंडाला घोंगडीचा तुकडा बांधून गावातला सिदू उभा होता, आणि तो पठ्ठ्या डावखुरा निघाला. तेही लोकांनी पाहिलं.

या उन्हाळ्यात सोमेश्वरनं ठरवलं, हे सगळं पुसून टाकायचं. गोफण्या पहिल्यापासून, नव्यानं. भाग सात, पण गोष्ट एकच, आणि शेवट काय ते आधीच ठरलेलं. एका पुढाऱ्यानं ऐनवेळी पक्ष बदलल्यामुळं एक भलाथोरला फ्लेक्स दुकानात पडून होता. तो त्यानं पालथा घातला आणि मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करनं सातही भाग मांडले. बाप कुठल्या भागात मरतो, गोफण कुठं तुटते, गोफण्याचे केस कधी पिकतात. तोंड झाकायचं नाही, माणूस बदलायचा नाही. दरसाल पाडवा ते दसरा या दिवसांत एक भाग काढायचा. खाली ठळक अक्षरात नियम लिहिला: पहिल्या भागात जे झालं ते सातव्यापर्यंत खरं.

तो फ्लेक्स घेऊन तो बहिणीच्या गावी गेला. आश्रुबानं तो अंगणात अंथरला आणि चपला काढून त्याच्यावरून फिरून फिरून पाहिला.

"सातव्यात मी काय करतो?"

"म्हातारे होता दाजी. नातवाच्या हातात गोफण देता."

"मरत न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग जमतंय," आश्रुबा म्हणाला.

त्याला लई आनंद झाला होता, आणि त्यानं तो लपवला नाही. उसाच्या फडात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. इथं पुढच्या सात वर्षांचं त्याचं आयुष्य कुणीतरी बसून विचारपूर्वक लिहून काढलं होतं, आणि त्यात तो मरत नव्हता. सोमेश्वरचं काय सांगावं. त्याच्याकडं या गोष्टीशिवाय स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं. बाकी सगळे चेहरे पुढाऱ्यांचे.

पहिल्या भागातली पहिली उडी भादव्यात घेतली. आश्रुबाच्याच माळवदावरून खाली कडब्याच्या पेंढ्यांवर. उजेड पाडायला अंजना थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उभी. आश्रुबा धावत आला आणि त्यानं अशी उडी घेतली की भिंतीला टेकलेली म्हातारी केशरबाई, त्याची आई, "अगं माय" म्हणून खालीच बसली. उडी झकास झाली होती. पेंढ्यांतून उठून तो अंगावरचा कडबा झटकत हसत होता.

सोमेश्वरनं कॅमेऱ्यात पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. गोफण डाव्या खांद्यावर होती. फ्लेक्सवर ती सातही भागांत उजव्या खांद्यावर होती.

"दाजी, परत एकदा घ्यावी लागंल."

"कावून?" अंजनानं विचारलं.

"गोफण डावीकडं गेलीय."

"कोन्त्या खांद्याला हाय ते कोण बघायलंय?"

"लोक बघतेत आक्का. लोक तेवढंच बघतेत."

आश्रुबानं तक्रार केली नाही. गोफण उजव्या खांद्यावर टाकली आणि पुन्हा वर गेला. एका उडीनं पेंढ्या दबल्या होत्या, इकडं तिकडं पांगल्या होत्या. त्या पुन्हा रचायला हव्या होत्या, एवढी साधी गोष्ट. सोमेश्वर खांद्याकडं बघत होता, अंजना उजेडाकडं. पेंढ्यांकडं कुणीच बघितलं नाही. आश्रुबाचा उजवा पाय मांडीत मोडला. मोडल्याचा आवाज कॅमेऱ्यात आला.

बीडला नेऊन सळई घातली. डॉक्टर म्हणाले, यंदा फड विसरा. आणि दसरा तर तोंडावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. बहुतेक नवरा-बायको असतात. नाहीच जमलं तर बाप-लेक, बहीण-भाऊ. एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही. टोळी नेणारा भागवत मुकादम दारात आला, आश्रुबाच्या उशाशी जरा वेळ बसला, हळहळला. माणूस वाईट नव्हता. पण उठताना म्हणालाच, "अर्धा कोयता मी न्हेत न्हाई अंजनाबाई. दुसरं कोणी हाय का बघा. आन् यंदा जागा सोडली तर पुढं मला सांगू नका."

अंजना म्हणाली, "घरी बसून खायचं काय?" ते ती कुणाकडंही न बघता म्हणाली. भावाला ती एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी हाय," सोमेश्वर म्हणाला.

भागवतनं त्याच्या हातांकडं पाहिलं. मार्करच्या शाईचे डाग होते. "बगा बा," एवढंच तो म्हणाला.

दुकानाला कुलूप लागलं. केशरबाईच्या भरवशावर आश्रुबाला ठेवून बहीण-भाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कर्नाटकात गेले. राहायच्या कोपीवर घालायला प्लास्टिकचा कागद हवा होता, म्हणून अंजनानं तोच फ्लेक्स घेतला होता. वरून उन्हात पुढारी हसत राहिला आणि आत, डोक्यावर, सात भाग. चुलीच्या धुरानं पहिले दोन तर आठवडाभरातच काळे पडले. नियम मात्र कडेला होता, तो वाचता यायचा. सोमेश्वर त्याच्याकडं पाठ करून जेवायचा.

पहिल्या महिन्यात त्याच्या तळहाताची कातडी गेली. मग नवी आली, जाड. अंजनाच्या मोळ्या त्याच्या तोडीपेक्षा भराभर व्हायच्या आणि ती थांबून राहायची. टोळीतली पोरं आधी त्याला "ओ डायरेक्टर" म्हणायची. नंतर तेही विसरली.

संक्रांतीनंतर एकदा दुपारी फडातच आश्रुबाचा फोन आला.

"सोमा, चालायलोय बरं का. काठी सुटली."

"काय सांगता दाजी."

"पाय आखूड पडलाय, पर. डाक्टर म्हणतेत आता हे असंच ऱ्हाईल. मंग मी इचार केला. पडलो ते पहिल्याच भागात ना? म्हंजी तुझ्या नियमानं सातव्यापोतर लंगडाच. लिहून ठेव तेवढं. उडी आपण बारक्या भिताडावरून घेऊ."

आश्रुबा हसला आणि वाट बघत राहिला. सोमेश्वरला सांगायचं होतं की दाजी, हे सगळं पुसू, परत पहिल्यापासून लिहू. पण पुसून काय पुसणार होता? तो नुसता "हो" म्हणाला.

फोन खिशात घालतो तोच भागवत सरीतून आला. पुढच्या सालाची टोळी तो आत्तापासूनच जुळवत होता.

"सोमेश्वर, दाजीला काय आता फड जमायचा न्हाई. पुढच्या साली बी तुमा दोघांचाच कोयता धरू का?"

अंजना मोळी बांधता बांधता थांबली. तिनं भावाकडं पाहिलं, आणि मग नजर काढून घेतली.

"धरा," सोमेश्वर म्हणाला.

भागवत पुढच्या जोडीकडं गेला. अंजनानं मोळी आवळली. सोमेश्वर खाली वाकला आणि बुडापासून ऊस तोडायला लागला.