तार सोडा

हारूनला त्या दिवशी मी ज्या शिव्या दिल्या, त्या माझ्या मेलेल्या नवऱ्यालासुदीक कधी दिल्या नव्हत्या. आता लाज वाटते. पन सांगायला बसलेय तं सगळंच सांगते.

लावनीचे दिवस. वरंधच्या वरच्या अंगाला आमची वाडी, रस्त्याच्या खाली खाचरं. चार दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. माझा पुतन्या सहदेव टिलरनं चिखलनी करत होता. बैल गेले, आता हे इंजिनाचं धूडच सगळीकडं फिरतं. वरच्या खाचरातून खाली उतरताना बांध खचला आनि टिलर उलटा होऊन त्याच्या अंगावर आला. इंजिन बंद पडलं, पन सगळं वजन त्याच्या एका पोटरीवर. फुटलेल्या बांधातून पानी भराभर खाली येत होतं. त्याची बायको मैना मागं बसली, त्याचं डोकं मांडीवर उचलून धरलं आनि अशी वरडली का अख्खी वाडी धावली.

खालचा बांध फोडला, तरी जाईल त्याच्यापेक्षा येनारं पानी जास्त. बाराजनांनी टिलर उचलून बघितला. चिखलात कोनाचा पाय ठरंना. जरा उचलायचा आनि परत बसायचा. दुसऱ्यांदा बसला तवा सहदेव असा किंचाळला का तिसऱ्यांदा हात लावायची कोनाची छाती झाली नाय.

तेवढ्यात घाटातून हारून खाली येत होता. हा महाडचा. पावसाळ्यात घाटात गाड्या गटारात जातात, त्या वढून काढायचा त्याचा धंदा. त्याच्या जीपच्या तोंडाला विंच हाय. बॅटरीवर फिरनारा रूळ, त्याला गुंडाळलेली लोखंडी तार. रिमोटचं बटन दाबलं का तार आत जाते आनि पुढं बांधलेलं वढून आनते. आमी रस्त्यात आडवे झालो, त्यानं गाडी लावली. चाकांना दगड लावले, हातात चामड्याचे मोजे घातले, तार खाली आनून हूक टिलरला अडकवला.

आता आमची रीत सांगते. होळीचं झाड रानातून आनतात तवा सगळ्या वाडीचा हात दोराला लागतो. ज्याचा लागला नाय तो वाडीचा नाय. तसेच ते बाराजन तारेला जाऊन भिडले. सगळ्यात पुढं मैनाचा भाऊ हर्षद, लावनीला मदतीला आलेला.

"वढा रे! जोर लावा!" ही मी. मीच वरडले.

हारूननं रिमोट खिशात घातला.

"तार सोडा," तो बोलला. "सगळ्यांनी लांब व्हा. मंगच बटन दाबीन."

"आरं माझा दाजी मरतोय!" हर्षद बोलला. "आनि तू आमाला शिकवतोस?"

"तार ताणली का तिच्या रेषेत कोनी नको. तुटली तं मागं फिरते. पाय कापून नेते. एकाचे नाय, सगळ्यांचे."

मंग माझं तोंड सुटलं. "मेल्या, तुझं कोन हाय रे त्या चिखलात? तुझ्या लोखंडाची काळजी तुला! आमच्या हातांचा विटाळ होतो का तुझ्या तारेला? मुडद्या, बटन दाब नायतर दे इकडं ते!" ह्याच्यापुढचं सांगत नाय. बाया माझ्या मागं, गडी तारेवर, आनि सगळे हारूनवर तुटून पडलेले. कोनी तार सोडंना. तो जागचा हलला नाय.

"मावशी, शिव्या द्या," तो बोलला. "पन इथं माझ्याजवळ येऊन द्या. तिथं तारेशी उभं राहून नको."

मी तरी थांबते का? पानी सहदेवच्या कानाला लागलं तवा त्याचाच आवाज आला. फार बारीक.

"काकी, गप गो. तो बोलतो तसं करा."

तवा तार सुटली. हारूननं हूक काढून जीप वीस पावलं पुढं घेतली, म्हंजे तार बाजूनं जाईल आनि मैना तिच्या रेषेत येनार नाय. परत बांधली. जीपचं बॉनेट उघडून काचेपुढं आड उभं केलं. हर्षदच्या डोक्यावरची भिजलेली घोंगडी घेतली आनि तारेवर मधोमध टाकली. बोलला, तुटलीच तं हे वझं तिला खाली पाडील. मंग माझ्याकडं वळला.

"मावशी, तुमचा आवाज मोठा हाय, पन आता तो नको. तुमचा हात पायजे. त्या बाजूच्या बांधावर उभ्या ऱ्हा. पंजा उघडा दिसला तं वढीन, मूठ दिसली तं थांबीन. बाकी कोनाचं ऐकनार नाय."

एवढ्या शिव्या खाऊन त्यानं मलाच उभं केलं. मी पंजा वर केला.

तार ताठ झाली. टिलर वीतभर उचलला. सहदेव वरडला, मैना वरडली, "थांबू नका, वढा!" पन मला दिसत होतं, टिलरचं चाक फिरून त्याच्या गुडघ्यावर येत होतं. मी मूठ आवळली. हारून तिथल्या तिथं थांबला. हर्षदनं पलीकडच्या अंगानं, लांब बांबूनं ढकलत, टिलरखाली दोन ओंडके सरकवले. मी परत पंजा उघडला. टिलर अजून वर आला, चाक बाजूला झालं, दुसरे ओंडके गेले. मूठ. टिलर ओंडक्यांवर बसला.

आनि तार तुटली.

आवाज असा झाला का मी खालीच बसले. घोंगडीनं तिला चिखलात पाडली, पन शेपूट फिरलंच. बाराजन आधी जिथं उभे होते तिथं लावनीच्या रोपांच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, गुडघ्याएवढ्या. त्या मधोमध कापल्या गेल्या. टिलर ओंडक्यांवर तसाच होता. मंग गडी धावले आनि सहदेवला बाहेर वढला. हारूननंच त्याला जीपमधनं महाडला नेला.

जीव वाचला. पाय नाय वाचला. मुंबईला नेऊन गुडघ्याखाली कापला.

पंधरा दिवसांनी मैना आली, हर्षद संगती. मी चहा ठेवला.

"डॉक्टर बोलले, धा मिन्टं आधी सुटला असता तं पाय ऱ्हायला असता," मैना बोलली. डोळ्यांत पानी नव्हतं, सगळं आटलेलं. "त्या हारूननं घालवली गो ती धा मिन्टं."

"त्याची तक्रारच द्यायची हाय," हर्षद बोलला. "सगळ्या वाडीचं ठरलंय. काकी, तू पन सांग. आमी बाराजन होतो, एका हिसक्यात काढला असता."

"हर्षद," मी बोलले, "तू दोन पायांवर चालत माझ्या दारात आलास. त्या पेंढ्या बघितल्यास ना तू?"

त्यानं कप खाली ठेवला.

"आनि मैने, ती धा मिन्टं हारूनची नव्हती. तार सोडा बोलला तवाच सोडली असती तं ती वाचली असती. सगळ्यांना तारेला लावलं कोनी? भांडत बसलं कोन? मी. ती धा मिन्टं माझ्या तोंडानं खाल्ली. तक्रार द्यायची तं माझी दे."

मैना उठली. चहाला हात लावला नाय.

त्या दिवसापासनं ती माझ्याशी बोलत नाय. पानवठ्यावर मी गेले का बाया हंडे उचलतात. तक्रार कोनी दिली नाय, हारूनचं नावपन कोनी काढत नाय. आता नाव माझं घेतात. घेऊ देत. माझंच हाय ते.