माझा वैरी, कारखान्याचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. एकटा नाही हं, जोडीतला डावा. माझा उजवा भाऊ शेजारीच उभा असतो, पण उंदरांनी त्याच्या आतल्या वायरी कुरतडल्या आणि तेव्हापासून तो मुका झाला. म्हणून ही हकिगत मलाच सांगावी लागते. तसा बोलका मी आधीपासूनच!

आमचा जन्म चाळीस वर्षांपूर्वीचा. सागवानी पेटी, पुढे जाळीचं कापड, आत ताटाएवढा कागदी कोन आणि कोनाच्या कडेने मऊ फोमची रिंग. साखर कारखान्यातले केमिस्ट जगन्नाथराव यांनी बोनस मिळाल्या मिळाल्या आम्हाला घेतलं, गोणपाटात गुंडाळलं आणि एसटीच्या टपावर टाकून अंकुशनगरच्या वसाहतीत आणलं. घरांची आख्खी ओळ बघायला लोटली. संध्याकाळी जगन्नाथराव खिडकी उघडून भजनं लावायचे, तर लोक आपापल्या घरून खुर्च्या घेऊन अंगणात येऊन बसायचे. "वा! काय आवाज हाय, बिलकुल समोर बसून म्हणल्यावानी!" असं कुणी म्हटलं की मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

पण त्या वसाहतीत माझा एक वैरी होता. कारखान्याचा भोंगा. पाळी बदलली की तो वाजायचा. काय तो जाड, खोल आवाज! खिडक्यांची तावदानं थरथरायची. आणि वसाहतीतल्या माणसांना एक सवय जडली होती. भोंगा सुरू झाला की तोंडातलं वाक्य तिथंच थांबवायचं आणि तो संपला की तिथूनच पुढे न्यायचं. "अहो, येताना..." एवढं म्हणून बाई थांबायची, भोंगा पुरा होऊ द्यायची, मग म्हणायची, "...मिठाचा पुडा आणा." भांडणंसुद्धा अशीच थांबायची आणि पुन्हा तिथूनच सुरू व्हायची. त्यात कुणालाच काही नवल वाटत नसे. थांबायची अक्कल नव्हती ती मला एकट्याला. मी त्याच्यावर ओरडत राहायचो आणि दरवेळी हरायचो. भारी राग यायचा मला त्याचा.

पुढे जगन्नाथराव निवृत्त होऊन तीर्थपुरीला आपल्या गावी आले. घरात नवा टीव्ही आला आणि आमची रवानगी ओसरीवर झाली. माझ्या डोक्यावर मोगऱ्याची कुंडी ठेवली. तिच्या पाण्याचा गोल पांढरा डाग अजून आहे. जगन्नाथराव गेल्यावर घरच्यांनी आम्हाला राधेश्यामजींच्या रेडिओ-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात देऊन टाकलं. तिथे एक गिऱ्हाईक म्हणालं, "आतलं काढून खाली पेटी देता का? कोंबड्या बसवतो." ऐकून माझा जीव अर्धा झाला हो!

त्या दुकानात मला कुणाची आठवण यायची, सांगू? भोंग्याची! जन्मभर ज्याचा राग केला, त्याच्याच आवाजासाठी मी दुपारी झुरत बसायचो. तो वाजला की समजायचं, माणसं घरी येणार, चहा होणार, खिडकी उघडणार. इथे कुणी येणार नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात साधनाताई आल्या. त्या जालन्याच्या एका शाळेत शिक्षिका आहेत. आठ वर्षांच्या लेकीला, स्वराला, घेऊन जांब समर्थला दर्शनाला गेल्या होत्या, परतताना दुकानात थांबल्या.

"मोठा स्पीकर पाहिजे," त्या म्हणाल्या. "जुना असला तरी चालंल."

राधेश्यामजींनी आमच्यावरची चहाची किटली उचलली आणि फडक्याने धूळ झटकली. माणूस सरळ होता. म्हणाला, "ताई, खरं सांगतो. उजवा बंद हाय. डाव्याची रिंग झिजली, जाड आवाजाला फाटतो. दुरुस्तीचा खर्चा होईल. त्याच्यापेक्षा नवीन छोटा घ्या ना."

"नवीन छोटा घेऊन बघितला. त्याच्यात ते ऐकूच येत न्हाई."

"काय ते?"

साधनाताईंनी मोबाईल काढला. त्यांचं बारसं अंकुशनगरच्या वसाहतीत झालं होतं. त्यांच्या आईने, विमलबाईंनी, त्या दिवशी म्हटलेला पाळणा कुणीतरी टेपवर धरून ठेवला होता. चार वर्षांपूर्वी विमलबाई गेल्या. आईचा आवाज म्हणून तेवढाच उरला, तो ताईंनी टेपवरून मोबाईलमध्ये घेतला होता.

"आजी मधीच थांबती," स्वरा म्हणाली. "विसरून जाती."

"विसरत न्हाई गं. भोंगा व्हायचा म्हणून थांबली असंल."

"मंग भोंगा कुठंय?"

मोबाईलवर भोंगा ऐकूच येत नव्हता. एवढ्याशा यंत्राला तो जाड आवाज पेलत नव्हता. नुसती रिकामी जागा ऐकू यायची आणि मग आजीचं गाणं पुन्हा सुरू व्हायचं. ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "आता मलाच शंका येऊन राह्यली. खरंच विसरली असंल का आई?"

मित्रांनो, मी ते ऐकलं आणि माझ्या कागदी छातीत धस्स झालं. माझा वैरी त्या गाण्यात अडकून पडला होता आणि त्याला बाहेर काढणं माझ्या हातात होतं!

राधेश्यामजींनी वायर जोडली आणि आवाज मोठा केला. मी सवयीने जोर लावला आणि खर्रर्र करून फाटलो. ताईंनी कान झाकले. "राहू द्या," म्हणून त्या पर्स उचलू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा ताई, जल्दी करू नका. म्हाताऱ्याला हळू बोलू द्या," म्हणत राधेश्यामजींनी आवाज अगदी खाली आणला. जन्मभर मी ओरडत आलो. आता पहिल्यांदाच दम धरला आणि हळू वाजू लागलो.

विमलबाईंचा पाळणा दुकानात भरला. ताई विचारत होत्या, "रिंग नवी बसवली तर आवाज..."

विमलबाई थांबल्या. आणि भोंगा वाजला! दुरून आलेला, जाड, खोल, जसाच्या तसा. या वेळी मी त्याच्याशी भांडलो नाही. त्याला मीच वाट करून दिली.

साधनाताईही वाक्य अर्धं टाकून थांबल्या होत्या. भोंगा संपला, विमलबाईंनी पुढची ओळ घेतली आणि ताई म्हणाल्या, "...फाटणार न्हाई ना?"

"ताई, मधीच काय झालं तुम्हाला?" राधेश्यामजी बघतच राहिले.

ताईंच्या लक्षात आलं. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. "आई विसरली नव्हती, बघा," त्या म्हणाल्या. "बराबर थांबली होती."

"उजवा ठेवून जा, तो काय कामाचा न्हाई," राधेश्यामजी म्हणाले.

"न्हाई, जोडी फोडू नका," ताई म्हणाल्या.

आता आम्ही जालन्यात आहोत. मला नवी रिंग बसली, डोक्यावर कुंडी नाही. भावाच्या वायरींची दुरुस्ती चालू आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी धूळ खात पडलेलं असेल. ते भंगारात घालण्याआधी एकदा पुसा, जोडून बघा, आणि हळू आवाजात ऐका. तुमच्या माणसाचं काहीतरी त्यात थांबलेलं असेल.

काल संध्याकाळी पाळणा लागला होता. स्वरा स्वयंपाकघराच्या दारातून सांगत होती, "आई, उद्या शाळेत मला..." तेवढ्यात भोंगा वाजला. तिने कारखाना कधी पाहिलेला नाही. तरी ती थांबली, आजीही थांबली, आणि भोंगा पुरा झाल्यावर आजीने पाळणा पुढे नेला नि नातीने वाक्य.

"...डब्यात पोळी-गूळ दे."