बोलका कडा

गोजरबाईनं तिकीट उलटं करून पाहिलं. मागं काहीच छापलेलं नव्हतं.

"माणशी चारशे," खिडकीतली मुलगी म्हणाली. "त्यात स्कायडेक, सेल्फी पॉइंट आणि इको, तिन्ही आलं. पार्किंग वेगळं."

"चारशेत डोंगर घरी न्यायचा का काय?"

"आई, घे आता," रविराज म्हणाला. मिरजगावहून पहाटेपासून गाडी चालवून त्या बिचाऱ्याची पाठ धरली होती. आई आता निदान पाव तास तरी खिडकीशी हुज्जत घालणार, असं धरून तो कठड्याला टेकला. पण गोजरबाईनं कनवटीचे पैसे काढून मुकाट्यानं आत सरकवले. रविराज बघतच राहिला. पाच रुपयांच्या कोथिंबिरीवर फुकट मिरच्या घेतल्याशिवाय न हलणारी ही बाई आज काहीतरी निराळंच मनात धरून आली होती.

तिच्या मागं आण्णा, म्हणजे रविराजचे वडील, हात पाठीशी बांधून उभे होते. समोरच्या कड्याकडे बघत होते. बोलत नव्हते. गेले आठ महिने ते कुणाशीच बोलले नव्हते.

त्याआधीची तीस वर्षं मात्र हा माणूस बोलण्याचंच खात होता. कांद्याच्या लिलावात आण्णा बोली पुकारायला उभे राहिले की भोंगा लावायची गरज पडत नसे. पार रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला आजचा भाव ऐकू जाई. मग गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, काढली, जखमही भरली. सुट्टी संपवून आण्णा लिलावाला गेले, पहिली बोली पुकारली, आणि गळ्यातून जे काही बाहेर पडलं ते ऐकून गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आण्णांनी हातातला कांदा ढिगावर ठेवला, घरी आले आणि तोंड मिटलं ते मिटलंच. चहा हवा असला की बशीवर चमचा वाजवायचे. नगरच्या डॉक्टरांनी गोजरबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "आवाज आहे त्यांना. थोडा खरखरीत राहील, पण आहे. वापरला नाही तर हाही जाईल."

गोजरबाईनं डॉक्टरांचं ऐकलं आणि उपायही तिथंच ठरवून टाकला. तरुणपणी कांद्याच्या ट्रकबरोबर येताना अकोले तालुक्यातल्या डोंगरात आण्णांनी हा बोलका कडा पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, त्याला हाक मारली होती, आणि कड्यानं ती जशीच्या तशी माघारी दिली होती. ही गोष्ट त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगितली होती. तेव्हा माणसाला कड्यासमोर नेऊन उभं करायचं, बाकीचं कडा बघून घेईल, असा साधा हिशेब होता. चुकायची भीती गोजरबाईला कधी वाटतच नसे. तिनं आजवर जे जे होईल म्हणून सांगितलं ते झालं होतं. जे झालं नव्हतं ते ती विसरून गेली होती.

आत मात्र कडा शोधावा लागला. आधी सिमेंटच्या पायऱ्या, मग उसाच्या रसाची टपरी, मग फोटोसाठी ठेवलेले पत्र्याचे पंख, त्यांचा रंग उडून गंज वर आलेला. स्कायडेक म्हणजे लोखंडी सज्जा होता आणि त्याच्या पुढं दीड पुरुष उंचीची काच. काचेवर बोटांचे, नाकांचे, कुणाच्या तरी आइस्क्रीमचे डाग होते. त्या डागांच्या पलीकडे कडा दिसत होता.

"ह्येच व्हय?" रविराजनं विचारलं. आण्णांनी खांदे उडवले.

मधोमध दांडीवर माईक लावलेला होता आणि त्याच्यापुढं रांग. भगवा टी-शर्ट घातलेला एक माणूस एकेकाला पुढं घेत होता. "नाव घ्या कुणाचं तरी. नाव चांगलं घुमतं." पुढच्या एका तरुणानं "मनवाऽ" अशी हाक दिली. "मनवा... नवा... वा..." असं माघारी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनवा लाजली.

"बघा," गोजरबाई आण्णांना म्हणाली, "अजून बोलतोय कडा. आता तुमी मारा हाक. कायबी म्हना. कांदा म्हना."

आण्णा माईकपाशी गेले. गोजरबाईला त्यांचा गळा दिसत होता. कंठ वर गेला, खाली आला, तोंड उघडलं. 

आण्णांनी तोंड मिटलं. मान वळवून मागं, रसाच्या टपरीकडे पाहिलं आणि बोट वर केलं. टपरीच्या पत्र्यावर काळा चौकोनी डबा बसवलेला होता. जन्मभर आवाजावर जगलेला माणूस. आवाज कुठून येतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

गोजरबाई टी-शर्टवाल्याकडे वळली.

"काय रं, डोंगूर म्होरं हाय. मग त्याचा आवाज पाठीमागनं कसा येतुय?"

तो आधी इकडंतिकडं बघू लागला. मग हळूच म्हणाला, "आजी, सेफ्टीसाठी ही काच लावली ना, तेव्हापासून आवाज कड्यापर्यंत जातच नाही. मग साहेबांनी मशीन बसवलं. लोकांना कळत नाही."

"आमच्या ह्यास्नी कळलं."

आण्णा हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. कडासुद्धा मुका झाला, आता माझं काय घेऊन बसलीस, असं त्यात स्पष्ट होतं. त्यांनी हवेत हात झटकला आणि पायऱ्यांकडे चालू लागले.

 गोजरबाईला लख्ख कळलं की हा माणूस आता पायऱ्या उतरेल, गाडीत बसेल, काच वर करेल, आणि पुढं जन्मभर बशीवर चमचा वाजत राहील. तिला ते नको होतं. तिला तिचा नवरा हवा होता, शेताच्या बांधावरून हाका मारून डोकं उठवणारा.

"अवं!" ती ओरडली.

सज्ज्यावरचे सहा-सात पुरुष एकदम वळले. आण्णा नाही.

"अवं, ऐकलं का!"

आणखी दोघं वळले. एकानं घाईघाईनं हातातली कुल्फी बायकोकडे दिली. आण्णा तिसरी पायरी उतरले. चौथी उतरले.

गोजरबाईनं दांडीवरचा माईक उपसून काढला, तोंडाशी धरला आणि सगळा जीव एकवटून हाक मारली:

"मच्छिंद्रऽऽ!"

टपरीवरचा डबा दणाणला. "मच्छिंद्र... छिंद्र... द्र..." सज्जा थरथरला, पार्किंगमधला एक ड्रायव्हर वर बघू लागला. रविराज खांबाला धरून उभा राहिला. आईच्या संसाराला बेचाळीस वर्षं झाली होती, पण तिच्या तोंडी आण्णांचं नाव त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. तिनं ते उखाण्यात घेतलं तेव्हा तो जन्मलाच नव्हता. असं नुसत्या नावानं हाक मारणारी आण्णांची आई तेवढी होती, आणि तिला जाऊनही आता बारा वर्षं झाली होती.

"ओऽ!"

पाय थांबायच्या आधी तोंडातून गेलं होतं. पत्र्यावरून पोतं ओढावं तसा खरखरीत आवाज, पण चांगला खणखणीत मोठा. आण्णा पाचव्या पायरीवर उभे राहिले आणि आपल्याच गळ्याला हात लावून पाहू लागले. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला कोणत्या नावानं हाक मारली गेली. कानापर्यंत लाल होऊन ते तरातरा पायऱ्या चढून वर आले.

"चार मान्सांत नाव घेतीस?" ते कडाडले. मधेच आवाज फाटला, तरी थांबले नाहीत. "आं? आन ते बी भोंग्यावर? काय लाजबिज हाय का न्हाई तुला? मिरजगावात कळलं तर काय म्हनतील लोकं? लई शानी झालीस व्हय?"

गोजरबाई डोळ्याला पदर लावून ऐकत होती. रांगेतल्या माणसांची चुळबुळ सुरू झाली. टी-शर्टवाल्यानं भीतभीत हात पुढं केला.

"आजी, माईक द्या. तुमचा टाइम संपला."

"दम धर की जरा," गोजरबाई म्हणाली. "त्यांचं भांडून कुठं झालंय अजून."