खालची ओळ

चर्चमागच्या दफनभूमीतले बहुतेक दगड म्हाताऱ्या पाथरवटानेच कोरलेले. मजकूर मात्र त्याची बायको सांगायची. ती मेलेल्याच्या घरी जाऊन बसायची, सगळ्यांचं रडगाणं ऐकायची आणि नेमकी एक ओळ घेऊन यायची. ती गेली तेव्हा याची पंचाईत झाली. तिच्या दगडावर नाव कोरून झालं, पण खालची जागा तीन वर्षं रिकामीच राहिली.

शेवटी मेहुणी वैतागली. "भाऊजी, ताईच्या तोंडचं काहीही लिहा, पण लिहा एकदाचं."

लोकांसाठी तिने सांगितलेल्या ओळी त्याला ढिगाने आठवल्या. त्याच्यासाठीची एकच होती. ती त्याने कोरली: ‘हात धुवा, ताट वाढलंय.’

मग तो घरी आला आणि सवयीने हात धुऊन आत गेला. चूल थंडच होती.