तुपातला शिरा आणि उतरलेला आकडा

पळस्प्याच्या फाट्यावर त्या गुरुवारी न्हावा शेवा बंदराचे ट्रक अडकून पडले होते, कारण रसायनबाबांची रांग रस्त्यावर आली होती. कुणी खाटेवर, कुणी मुलाच्या खांद्यावर. सगळ्यांना कॅन्सर. मांडवातून बाबा माइकवर गरजत होते, "डॉक्टर गाठ कापतात, मी रक्तातला राक्षस उपाशी मारतो. माझ्यावर नको, लॅबच्या कागदावर विश्वास ठेवा!"

बाबा बेरकी होता. अंगारे-ताईत त्याने कधी विकले नाहीत, तो आकडा विकायचा. आल्या दिवशी तुपात थबथबलेला शिरा प्रसाद म्हणून पोटभर खायचा आणि थोड्या वेळाने रक्त द्यायचं. मग बिनमिठाचं पथ्य आणि दुधीचा रस. एकादशीला निर्जळी, आणि द्वादशीला उपास सोडण्याआधी पुन्हा रक्त. यकृताच्या आजारात रक्तात वाढणाऱ्या अल्कलाइन फॉस्फेटेज नावाच्या एन्झाइमचा आकडा बऱ्याच जणांचा उतरलेला असे. ज्याचा उतरत नसे, त्याने पथ्य मोडलं. छापा आला तरी बाबाचा, काटा आला तरी बाबाचाच.

रांगेत नवऱ्याला धरून बसलेली चंद्रावती नावाची बाई आपल्याशीच बोलत होती, "आकडा उतरलाय, पन मानूस उठत नाय." कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

माझा शेजारी विनायक बंदरात हेडक्लार्क, चांगला शिकलेला, पण तोही भुलला. त्याची बायको कुमुद अंथरुणाला खिळली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आता घरीच ठेवा, दुखू देऊ नका, आवडेल ते खाऊ घाला, असं सांगून त्यांनी वेदनेच्या गोळ्या दिल्या होत्या. बाबाकडे कुमुदचा आकडा आधी उतरला आणि विनायकने पेढे वाटले. पुढच्या द्वादशीला तो चढला. बाबा म्हणाला, गोळ्यांनी पथ्य मोडलं. विनायकने गोळ्या कपाटात कोंडल्या आणि किल्ली जानव्याला बांधली.

तेव्हापासून भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येऊ लागलं. मध्येच ते थांबायचं, आणि थांबलं की जास्त भीती वाटायची. गोळ्या दे, असं मी विनायकला परोपरीने सांगितलं. तो आकडा उतरल्याचा पहिला कागद पुढे करायचा.

संतापून मी आमच्या डॉक्टर वसुंधराबाईंकडे गेलो. प्रसादाचं ऐकताच त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच रांगेत उभे राहा. तुम्हाला काही झालेलं नाही, हेच कामाला येईल."

यकृताचा कॅन्सर सांगून मी शिरा हाणला, रक्त दिलं. निर्जळी करून द्वादशीला पुन्हा दिलं. माझाही आकडा उतरला! बाबाने भर मांडवात माझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की गाठ विरघळू लागली आहे. जी नव्हतीच ती.

बाईंना घेऊन मी विनायककडे गेलो आणि माझे दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे एन्झाइम आतड्यातही असतं. तुपकट खाल्लं की काही रक्तगटांच्या माणसांत ते रक्तात वाढतं, उपास केला की कमी होतं. उतरला तो शिरा, विनायकराव. कॅन्सर नाही."

"आणि नंतर चढला तो?"

"आजार वाढला म्हणून. गोळ्यांमुळे नाही."

विनायकने दोन्ही कागद उपडे ठेवले. मग उठला. जानव्याची गाठ त्याला सुटेना, शेवटी मीच सोडवली.

संध्याकाळपर्यंत कुमुदचा चेहरा सैल पडला. तिने मऊ भात मागितला, त्यात सुक्या कोळंबीचे दोन सोडे आणि मीठ घालून. विनायक चमच्याने भरवत होता. दोन घासांनंतर ती त्याला म्हणाली, "गोळ्या मिळाल्या का रे? मला वाटलं, संपल्या म्हणून तू तोंड लपवतोस."

त्याने चमचा खाली ठेवला. मग "हो, आजच मिळाल्या" एवढंच म्हणून त्याने तो पुन्हा उचलला.

कुमुद वाचली नाही, वाचणार नव्हतीच. पण शेवटी ती कण्हत गेली नाही. बाबाचा मांडव आता कर्नाळ्याच्या बाजूला लागतो म्हणतात. तिथे कुणी जाणार असाल, तर एवढंच विचारा, पहिलं रक्त घेण्याआधी काय खाऊ घातलं होतं? आणि जो माणसाच्या वेदनेला पथ्य म्हणतो, त्याला घराचा उंबरा ओलांडू देऊ नका.