निळी नळी, तपकिरी नळी

हडपसरच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली मुलं, त्यांचे आईवडील, दारात नव्या मोटारी. अंगारा, लिंबू असलं काही नाही. २००५ साल होतं. पुण्यातला शिकलेला माणूस आता राखेला भुलत नव्हता, त्याला प्रोजेक्टर लागत होता.

"रोग म्हणजे काय? प्रथिनांचं रुसणं!" व्यासपीठावरून पांढऱ्या कोटातले डॉ. दत्तप्रसाद म्हणाले. "आमचं यंत्र त्यांची समजूत घालतं."

टाळ्या.

एका आजोबांनी तपकिरी पाण्याच्या नळीत थुंकी टाकली. पाणी निळंशार झालं. "हा दोष!" मग आजोबांनी दहा मिनिटं चकचकीत यंत्रावर हात ठेवला. दुसऱ्या नळीत पुन्हा थुंकी. पाणी तपकिरीच राहिलं. "दोष गेला! गोळ्या बंद!"

"बघितलंत?" शेजारी बसलेली माझी पत्नी आनंदी कुजबुजली. "आणि तुम्ही म्हणे, आधी याबद्दल वाचतो, मग सांगतो."

आनंदीने चार दिवसांपूर्वी या डॉ. दत्तप्रसादांच्या सांगण्यावरून इन्सुलिन बंद केलं होतं. साखर चारशेच्या घरात गेली होती. तिचा विश्वास यंत्रावर नव्हता. "आपला दत्ता आहे हो तो," एवढंच तिचं म्हणणं.

दत्ता माझाच विद्यार्थी. बारा वर्षं माझ्या प्रयोगशाळेत त्याने प्रथिनं वेगळी केली, मोजली. शेवटची पाच वर्षं एका संवेदकावर घालवली. लघवीच्या थेंबावरून मूत्रपिंडाचा आजार आधीच ओळखेल, असं ते उपकरण. दुपारी तो आमच्याकडे कोथरूडला जेवायचा. उपकरण दहांत चार वेळा चुकायचं, आणि त्या चार चुका दत्ता लाल शाईने लिहून आणायचा.

म्हणूनच मला शंका घेणं जड गेलं. मी निवृत्त माणूस. वाटलं, माझंच वाचन जुनं झालं असेल. चार दिवस मी नियतकालिकं चाळत बसलो आणि आनंदी इंजेक्शनाशिवाय राहिली.

पण तो निळा रंग पाहिला आणि ओळखला. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटातल्या, प्रथिनं मोजायच्या रसायनाचाच तो.

हातात प्रसादाच्या दुधाचा पेला होता. मी उठलो.

"डॉक्टर, माझंही बघा."

दत्ताचा चेहरा उतरला. "सर... आपण नंतर भेटू ना."

"आजोबा, लाइन आहे," नम्रता नावाची स्वयंसेविका म्हणाली.

"येऊ द्या हो," मागून एक जण. "त्यांची प्रथिनं जास्तच रुसलेली दिसतात."

हशा पिकला, तेवढ्यात मी टेबल गाठलं. पुढच्या माणसासाठी मांडलेल्या नव्या जोडीतल्या पहिल्या नळीत दुधाचे चार थेंब टाकले. निळं.

"दुधाला कसला रोग?" मी विचारलं.

यंत्राला हात न लावता दुसऱ्या नळीत दूध ओतलं. निळं झालं नाही. ते कसं दिसत होतं, हे पुढच्या रांगेतल्या बाईंनीच सांगितलं.

"अगं बाई, चहा!"

कोरा चहाच होता तो. पहिल्या नळीतलं रसायन प्रथिन भेटलं की निळं होतं. थुंकीत ते प्रत्येकाच्या असतं, पैलवानाच्याही. दुसऱ्या नळीत रसायनच नव्हतं, मग रंग बदलणार कशाने? सूरज नावाच्या एका तरुण इंजिनिअरने यंत्राचं मागचं झाकण काढलं. आत एक दिवा आणि एक पंखा.

गोंधळात दत्ता माझ्या कानाशी आला. "खऱ्या संवेदकासाठी मी किती दारं झिजवली, सर. पाच माणसं बघायला आली नाहीत."

"म्हणून काकूंचं इन्सुलिन बंद केलंस?"

"काकूंना मी सांगणार होतो..."

"कधी?"



घरी आल्यावर मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तेवढं इंजेक्शन आनंदीने घेतलं. सुई ठेवताना म्हणाली, "जेवताना रोज विचारायचा हो, काकू, साखर तपासली का?"



वाचकहो, ओळखीचा माणूस सांगतो, पदवीवाला सांगतो, म्हणून औषध सोडू नका. मी सांगतो म्हणूनही काही मानू नका. धडधाकट माणसाला त्याच नळीत थुंकायला लावा आणि काय होतं ते बघा. हे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. स्वतः विचारायला मात्र मला चार दिवस लागले, कारण समोर मुलासारखा वाढवलेला माझाच विद्यार्थी होता.